पत्र्यावरचं ऊन आणि काठावरचे थर

भिवंडीत उन्हाची टंचाई कधीच नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत यंत्रमाग कारखान्यांचे सिमेंटचे पत्रे असे तापतात, की खाली माग चालवणाऱ्याच्या अंगावर बनियनसुद्धा नकोसा होतो. पंखा लावावा तर सुताची धूळ उडते, न लावावा तर जीव गुदमरतो. त्याच पत्र्यावरच्या उन्हाची वीज करून खालचे माग चालवावेत, हे सुचायला कुणी शास्त्रज्ञ असावं लागत नाही. सरकारलाही ते सुचलं होतं. यंत्रमागांसाठीची केंद्राची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, ती भिवंडीतच. तिच्यात छोट्या कारखान्यांना सौरऊर्जेसाठी अनुदान होतं. सर्वसाधारण गटातल्या मालकाला निम्मं, अनुसूचित जाती-जमातींच्या मालकांना त्याहून अधिक.

या गावाला विजेची किंमत कुणी सांगायला नको. कापडाची मजुरी मीटरवर ठरते, विजेचं बिल युनिटवर, आणि या दोन आकड्यांच्या फटीत कारखानदाराचा सगळा संसार असतो. २००७ पूर्वी भिवंडीला पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसे महावितरणच्या हाती पडत नव्हते. काही वीज तारांमध्ये वाया जाई, काही चोरीला, काहींची बिलं थकत. शेवटी २६ जानेवारी २००७ पासून इथलं वितरण टोरेंट पॉवरकडे गेलं. एका शहराची वीज अशी फ्रँचायझीने खासगी कंपनीकडे सोपवण्याचा देशातला हा पहिला प्रयोग. भारनियमनाचे दिवस सरले, बिल मात्र राहिलं. आजही सत्तावीस हॉर्सपॉवरच्या आतले आणि वरचे अशी कारखान्यांची विभागणी, त्यांची सवलत, सवलतीसाठीची नोंदणी, हे विषय भिवंडीत सुताच्या भावाइतकेच आवेशाने बोलले जातात.

मग पत्र्यावर सौर पॅनेल का चढत नाहीत? भांडवल हे एक कारण आहेच. दुसरं कारण छपराकडे मान वर करून पाहिलं की कळतं. जुन्या कारखान्यात लोखंडी किंवा लाकडी कैच्या असतात, त्यांवर आडवे वासे आणि वाशांवर हुकांनी धरलेले सिमेंटचे नालीदार पत्रे. हे छप्पर स्वतःचं वजन आणि पावसाचा मारा सोसण्यासाठी बांधलेलं. गळती काढायला चढणारा माणूसही पत्र्यावर पाय ठेवत नाही, वाशाच्या रेषेवरून फळी टाकून चालतो. सिलिकॉनचं नेहमीचं पॅनेल काचेचं आणि अॅल्युमिनियमच्या चौकटीचं. दर चौरस मीटरला त्याचं वजन अकरा-बारा किलो, खालचा सांगाडा वेगळा. शिवाय वाऱ्याने उचलू नये म्हणून ते घट्ट बांधायचं, ते कशाला? त्याच कैचीला.

चोवीस मागांचा एक छोटा कारखाना हिशेबाला घेऊ. साध्या मागाची मोटर साधारण एका हॉर्सपॉवरची, म्हणजे पाऊण किलोवॉटची. सगळे मिळून १८ किलोवॉट. भर उन्हात सिलिकॉनचं चांगलं पॅनेल चौरस मीटरला २१० वॉटच्या आसपास देतं. म्हणजे सुमारे ८६ चौरस मीटर पॅनेल आणि सांगाडा सोडून साडेनऊशे किलो वजन. हे ओझं पेलेल असं छप्पर ज्याच्याकडे आहे त्याने खुशाल सिलिकॉन बसवावं, त्याला हा लेख वाचायचीही गरज नाही. भिवंडीतल्या कितीतरी छपरांना मात्र ते पेलणारं नाही, आणि त्यांच्यासाठीच ज्या संशोधनाकडे मी आशेने पाहतो, ते कार्बनी सौरघटांचं आहे.

कार्बनी म्हणजे सिलिकॉनच्या जागी कार्बनच्या रेणूंनी प्रकाश शोषणारे घट. हे रेणू शाईसारखे विरघळवून प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर पसरता येतात किंवा निर्वातात त्यांची वाफ बसवता येते. जर्मनीत ड्रेस्डेनची हेलियाटेक ही कंपनी वाफेच्या पद्धतीने अशी फिल्म बनवून विकते. पाठीमागे चिकट थर असलेली, गुंडाळता येणारी, आणि चौरस मीटरला दोन किलोच्या आत वजनाची. कैचीला भोक नाही, सांगाडा नाही.

आता तोच हिशेब पुन्हा मांडू. बाजारातल्या अशा फिल्मची कार्यक्षमता अजून दहा टक्क्यांच्या आतच आहे. हिशेबापुरते आठ टक्के धरू. १८ किलोवॉटसाठी सव्वादोनशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २४०० चौरस फूट फिल्म लागेल आणि वजन साडेचारशे किलो. वजन निम्म्यावर आलं, पण छप्पर अडीचपट लागलं. एवढं छप्पर या कारखान्याकडे असेलच असं नाही. कार्यक्षमता सोळा टक्के झाली, तर मात्र एकशे बारा चौरस मीटर आणि सव्वादोनशे किलो. इथे चित्र पालटतं. तरीही माग रात्रपाळीतही चालतात आणि रात्री ऊन नसतं, हे विसरून चालणार नाही. ही फिल्म दिवसाचं बिल कमी करील, कारखाना विजेच्या तारेपासून सोडवणार नाही. पण मजुरी आणि बिल यांच्यातली फट जिथे पैशांत मोजली जाते, तिथे दिवसाचं बिल ही लहान गोष्ट नाही.

आठाचे सोळा व्हायला हवेत आणि ते सोळा पंधरा-वीस वर्षं टिकायला हवेत. प्रयोगशाळेत सोळा कधीच मागे पडले. १९८६ मध्ये कोडॅक कंपनीत चिंग तांग यांनी दोन थरांचा पहिला चांगला कार्बनी घट दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता एक टक्का होती. १९९५ मध्ये अॅलन हीगर यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने दोन पदार्थ एकमेकांत मिसळून घट केला. वीजवाहक प्लास्टिकच्या शोधासाठी हीगर यांना २००० मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये चीनमध्ये झोउ यिंगपिंग यांच्या गटाने ‘वाय-सिक्स’ नावाचा रेणू केला आणि एका उडीत आकडा साडेपंधराच्या पुढे गेला. आता नखाएवढ्या घटांवर वीस टक्क्यांच्या गोष्टी चालतात. मात्र तो घट नखाएवढा आहे, नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत बनलेला आहे आणि त्याने भिवंडीचा पावसाळा पाहिलेला नाही.

नखावरचे वीस टक्के छपरावर येता येता आठ का होतात, याची कारणं अनेक. त्यातलं एक मोठं कारण प्रकाश शोषणाऱ्या पदार्थात नाहीच. ते त्याच्या दोन्ही काठांवर आहे.

घटाच्या आत काय घडतं ते पाहू. प्रकाशाने कार्बनी रेणूतला इलेक्ट्रॉन वर उचलला, की मागे त्याची रिकामी जागा उरते. तिला धन विद्युतभार मानतात आणि ‘होल’ म्हणतात. सिलिकॉनमध्ये हे दोघे लगेच वेगळे होतात. कार्बनी पदार्थात ते एकमेकांना घट्ट धरून राहतात, आणि त्या जोडीला साधारण दहा नॅनोमीटर फिरता येतं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेवढ्या अंतरात दुसऱ्या पदार्थाची हद्द भेटली तर जोडी फुटते, नाही तर तिची उष्णता होते. फुटल्यावर इलेक्ट्रॉनने एका टोकाकडे आणि होलने दुसऱ्या टोकाकडे जायचं. टोकाला असतो धातू किंवा पारदर्शक वाहक काच, आणि त्याला कोण आला याची पर्वा नसते. चुकीच्या टोकाला पोहोचलेला भार तिथे आपल्या जोडीदाराला भेटून विझतो आणि तेवढी वीज गेली.

म्हणून दोन्ही काठांवर एकेक पातळ थर घालावा लागतो. एक इलेक्ट्रॉनला वाट देणारा आणि होलला अडवणारा, दुसरा नेमका उलट. त्यांना भारवाहक थर म्हणतात. मधला प्रकाश शोषणारा थर शंभरेक नॅनोमीटरचा, हे थर दहा-चाळीस नॅनोमीटरचे, काही तर एका रेणूइतके. प्रकाशाशी त्यांचा काही संबंध नाही. उलट त्यांनी जेवढा प्रकाश खाल्ला तेवढं नुकसान. पण ऊर्जापातळी जुळली नाही, पृष्ठभाग खडबडीत राहिला किंवा शेजारच्या थराशी रासायनिक कुरबुर सुरू झाली, की मधला उत्तम पदार्थही फुकट जातो.

भिवंडीत हे समजायला सोपं जावं. मागावर चढण्याआधी ताण्याचं सूत सायझिंगला जातं. खळीच्या टाकीतून निघून, रोलरमध्ये पिळून, गरम सिलिंडरवर वाळून ते बीमवर गुंडाळलं जातं. खळीचा तो लेप कापडाच्या गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, पुढे धुऊनही टाकतात. पण लेप पातळ पडला तर फणीच्या घासण्याने धागा तुटत राहतो, जाड पडला तर कडक होऊन मोडतो, आणि सूत कितीही भारी असलं तरी बीम वाया जातो. काठावरचे थर हे घटाचं सायझिंग आहे.

या थरांमधला सर्वांत जुना आणि सर्वांत वापरलेला पदार्थ म्हणजे पेडॉट-पीएसएस. हे वीजवाहक प्लास्टिक १९८०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीच्या बायर कंपनीत जन्मलं, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून झाला. पाण्यात मिसळलेली निळसर शाई, काचेवर टाकून गरगर फिरवली की तीस-चाळीस नॅनोमीटरचा थर तयार. इतकं सोयीचं, की जगभरच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं तेच वापरलं. पण त्यातला पीएसएस हा भाग आम्ल आहे, चांगलाच तीव्र. खालच्या वाहक काचेतलं इंडियम तो हळूहळू खातो, आणि ते इंडियम वर सरकून घटात शिरतं. शिवाय तो ओलावा शोषतो. जुलै महिन्यात जिथे भिंतींना बुरशी धरते, तिथे ओलावा शोषणारा आम्लाचा थर घटाच्या पोटात ठेवायचा, हा विचारच अंगावर यायला हवा.

दुसऱ्या काठावर पुष्कळदा झिंक ऑक्साइड असतं. स्वस्त, पारदर्शक, द्रावणातून सहज पसरणारं. मात्र उन्हातल्या अतिनील किरणांनी ते रासायनिक क्रिया घडवू लागतं आणि शेजारच्या नव्या, कार्यक्षम रेणूंमधले दुहेरी बंध तोडतं. म्हणजे ज्या रेणूंनी आकडा पंधराच्या पुढे नेला, तेच झिंक ऑक्साइडच्या सोबतीत उन्हाला कच्चे ठरले. यावर उपाय बरेच निघाले. कुणी टिन ऑक्साइडकडे वळलं, कुणी झिंक ऑक्साइडवर आणखी एक पातळ लेप दिला, कुणी वर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावली. प्रत्येक उपाय म्हणजे आणखी एक थर, आणखी एक वाळवणं, आणखी एक खर्च.

या गर्दीत मला सर्वांत आशादायक वाटतो तो एका रेणूच्या जाडीचा थर. लिथुआनियातल्या कौनास इथल्या रसायनशास्त्रज्ञांनी आणि बर्लिनच्या संशोधकांनी मिळून ‘टू-पॅक्झ’ आणि त्याच्या भावंडांची ही मालिका पुढे आणली. रेणूच्या एका टोकाला फॉस्फॉनिक आम्लाचा पाय, तो काचेवरच्या ऑक्साइडला रासायनिक बंधाने चिकटतो. दुसऱ्या टोकाला होलला वाट देणारं डोकं. द्रावण ओतायचं, फिरवायचं, जास्तीचं धुऊन टाकायचं. उरतो एकेका रेणूचा उभा थर. आम्लाची वाटी नाही, ओलावा शोषणारा स्पंज नाही. सौदी अरेबियाच्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये पेडॉट काढून कार्बनी घटात टू-पॅक्झ वापरलं. कार्यक्षमता अठरा टक्क्यांवर गेली आणि चालू अवस्थेतलं आयुष्यही वाढलं.

याच मालिकेतल्या एका रेणूची गोष्ट भिवंडीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, पवईत घडली. आयआयटी मुंबईत २०१० पासून राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन आणि शिक्षण केंद्र आहे. तिथल्या भौतिकशास्त्र विभागातले प्रा. दिनेश काब्रा कार्बनी अर्धवाहक आणि पेरोव्हस्काइट नावाचे स्फटिकी पदार्थ, या दोन्ही प्रकारच्या घटांवर काम करतात. पेरोव्हस्काइट घटांचे काठाचे थर पुष्कळदा कार्बनी कुळातलेच असतात. त्यांच्या गटाने ‘मीथाइल-फोर-पॅक्झ’ हा होलवाहक रेणू घेतला. ऊर्जापातळीच्या दृष्टीने उत्तम. अडचण फार साधी निघाली. रेणूच्या डोक्यावरचे मीथाइल गट पृष्ठभागाला असा तुळतुळीत करतात, की वर टाकलेली पेरोव्हस्काइटची शाई पसरतच नाही. ती थेंबांत गोळा होते, काचेवर काही ठिकाणी थर बसतो, काही ठिकाणी उघडी काच राहते. अशा घटांतले बरेचसे मोजण्याआधीच बाद.

या गटाने मीथाइल-फोर-पॅक्झमध्ये ‘पीएफएन-बीआर’ नावाचं भारित प्लास्टिक मिसळलं. पीएफएनचं कूळ कार्बनी दिव्यांसाठी आणि कार्बनी सौरघटांसाठी चीनमधल्या ग्वांगझूत वाढलेलं. या मिश्रणावर शाई नीट पसरली, सगळ्या काचेवर सारखा थर बसला आणि घटांची कार्यक्षमता वीस टक्क्यांच्या वर गेली. २०२३ मध्ये ‘एसीएस एनर्जी लेटर्स’ या नियतकालिकात हे काम छापून आलं. जगाच्या विक्रमांच्या यादीत वीस टक्के तेव्हाही फार मोठे नव्हते. मला या कामाचं मोल वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. थर पसरला की नाही, दहापैकी किती घट धड निघाले, हा कारखान्याचा प्रश्न आहे. छोट्या काचेवर एखादा उत्तम घट काढणं वेगळं आणि शंभर मीटरच्या गुंडाळीवर कुठेही उघडा डाग न ठेवणं वेगळं. पवईच्या त्या गटाने प्रयोगशाळेतच कारखान्याच्या प्रश्नाला हात घातला. पुढे याच गटाचं काम सिलिकॉनच्या वर पेरोव्हस्काइटचा अर्धपारदर्शक घट ठेवून सुमारे तीस टक्क्यांपर्यंत पोहोचलं आणि ‘आर्ट-पीव्ही इंडिया’ ही नवउद्योग कंपनीही उभी राहिली. ते जोडघट सिलिकॉनइतकेच जड, त्यामुळे जुन्या पत्र्याच्या कामाचे नाहीत. पण त्यांच्यासाठी शिकलेली काठाच्या थराची विद्या हलक्या फिल्मला तशीच लागू पडते.

महाराष्ट्रात ही विद्या एकट्या पवईत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चार दशकांहून अधिक काळ पातळ थरांचं काम चाललं आहे, आणि ते महागड्या निर्वात यंत्रांवाचून. प्रा. चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने रासायनिक स्नानाची पद्धत घासून पुसून लख्ख केली. बीकरमध्ये धातूच्या क्षाराचं द्रावण, त्यात अमोनिया, पाण्याचं तापमान साठ-सत्तर अंश, त्यात उभी केलेली काच. द्रावण हळूहळू गढूळ होतं आणि तेवढ्यात काचेवर थर चढतो. दुसरी पद्धत आळीपाळीने बुडवण्याची: एका द्रावणात, मग पाण्यात, मग दुसऱ्या द्रावणात, पुन्हा पाण्यात. एका फेरीत काही अणूंचा थर, हवी तितकी जाडी येईपर्यंत फेऱ्या. राजाराम माने आणि लोखंडे यांचा या रासायनिक पद्धतींवरचा २००० सालचा आढावा आणि हबीब पठाण व लोखंडे यांचा २००४ मधला आढावा जगभर संदर्भाला घेतले जातात. प्रा. प्रमोद पाटील यांनी तापल्या काचेवर द्रावण फवारून थर करण्याची पद्धत वाढवली. झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड, निकेल ऑक्साइड, टायटॅनियम ऑक्साइड, म्हणजे आज काठाच्या थरांत जे जे वापरतात ते बहुतेक सगळं या पद्धतींनी होतं.

कोल्हापूरची ही परंपरा दक्षिण कोरियातही पोहोचली. तिथल्या चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठात काम करणारे सावंता माळी आणि ज्योती पाटील यांनी सहकाऱ्यांसह २०२३ मध्ये ‘नेचर एनर्जी’त संपूर्ण अकार्बनी पेरोव्हस्काइट घटाचं काम प्रसिद्ध केलं, साडेएकवीस टक्क्यांच्या वरचं. कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी आहे, भिवंडीसारखंच मागांचं गाव, तशाच पत्र्यांचं. बीकरमध्ये थर करणाऱ्या विद्येचा आणि त्या पत्र्यांचा संबंध अजून का जुळला नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. स्वस्त पद्धत आणि गरजू छप्पर, दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत.

हेच थर आणखी एका ठिकाणी लागतात, आणि तिथे त्यांचं काम जवळजवळ उलटं होतं. ते ठिकाण म्हणजे क्ष-किरण आणि इतर किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणं.

सौरघटात थराने भार लवकरात लवकर बाहेर न्यायचा असतो. डिटेक्टरमध्ये बाहेरून उलटा विद्युतदाब लावलेला असतो, आणि किरण पडला नसताना एकही भार वाहू नये हे महत्त्वाचं. अंधारातही जो थोडा प्रवाह झिरपतो त्यालाच अंधारप्रवाह म्हणतात. तो जितका जास्त, तितका क्षीण किरण त्यात बुडून जातो, आणि मग चित्र स्पष्ट यावं म्हणून रुग्णाला जास्त क्ष-किरण द्यावे लागतात. झिरपणारे भार बहुतांशी धातूच्या टोकातूनच आत शिरतात. म्हणून डिटेक्टरमधला काठाचा थर आधी दार लावणारा हवा, वाट देणारा नंतर. त्याला जाड करता येतं, सौरघटात ते परवडत नाही. एकाच पदार्थाकडून एका उपकरणात चपळाई आणि दुसऱ्यात सोशिकता मागितली जाते. म्हणून दोन्हीकडचे संशोधक एकमेकांचे निबंध वाचतात.

आज रुग्णालयात क्ष-किरणाचं चित्र संगणकावर उमटवणाऱ्या सपाट पाट्यांमध्ये सीझियम आयोडाइडचा थर क्ष-किरणाचा दृश्य प्रकाश करतो आणि काचेवरचे सिलिकॉनचे सूक्ष्म घट तो प्रकाश टिपतात. काच आली की वजन आणि फुटण्याची भीती आली. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या संशोधकांनी काचेऐवजी प्लास्टिकवर कार्बनी घट छापून वाकणारी पाटी दाखवली. ७ डिसेंबर २०२४ पासून देशात क्षयरोगाची शंभर दिवसांची मोहीम चालली, तिच्यात हातात धरण्याजोगी क्ष-किरण यंत्रं वस्त्यांमध्ये गेली. भिवंडीसारख्या दाट वस्तीत, जिथे मागवाल्यांच्या छातीत आयुष्यभर सुताची धूळ जाते, तिथे गल्लीत नेता येणारी, पडली तरी न फुटणारी पाटी किती उपयोगाची, हे सांगायला नको.

दुसरी बाजू क्ष-किरण काढणाऱ्या तंत्रज्ञाची. त्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. हा बॅज भाभा अणुसंशोधन केंद्राने, तुर्भ्याला, विकसित केला आणि गेली पाच दशकं देशात तोच वापरात आहे. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर टेफ्लॉनच्या तीन चकत्या, त्यांत डिस्प्रोसियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट. किरण पडले की चकती ती ऊर्जा साठवून ठेवते आणि प्रयोगशाळेत तापवली की तितक्या प्रमाणात उजळते. सर्वसाधारणपणे तीन महिन्यांनी बॅज वाचला जातो. देशात अशा कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. या बॅजने हजारो माणसांचं रक्षण केलं आहे, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण कॅल्शियम आणि गंधक हे आपल्या शरीरातल्या बहुतेक अणूंहून जड. त्यामुळे रोगनिदानाच्या सौम्य क्ष-किरणांना ही चकती शरीराच्या दहापटीहून जास्त प्रतिसाद देते. म्हणूनच तीन चकत्या: एक तांबे-अॅल्युमिनियमच्या आड, एक प्लास्टिकच्या आड, एक उघडी. तिघींच्या वाचनावरून खरा आकडा काढायचा.

कार्बनी डिटेक्टर मुळात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचा, म्हणजे शरीराच्याच घडणीचा. तो शरीर शोषेल तितकंच शोषतो, आणि तेही त्याच क्षणी विजेच्या आकड्यात सांगू शकतो, तीन महिने थांबावं लागत नाही. मात्र हलके अणू क्ष-किरण फारच थोडे शोषतात आणि संकेत इतका क्षीण येतो, की अंधारप्रवाह जरासा वाढला तरी तो हरवतो. इंग्लंडच्या सरे विद्यापीठात रवी सिल्वा यांच्या गटाने २०१८ मध्ये कार्बनी थरात बिस्मथ ऑक्साइडचे नॅनोकण मिसळून संकेत बराच वाढवला. पण बिस्मथ जड, त्यामुळे शरीराशी असलेलं साम्य तेवढ्या प्रमाणात गेलं. ज्याला साम्य टिकवायचं आहे त्याला अंधारप्रवाहच खाली आणावा लागेल, आणि त्याचा रस्ता पुन्हा काठाच्या थरातूनच जातो. तुर्भ्याला या कामाचं अंग नक्की आहे. जिनिव्हाच्या सीएमएस या कणभौतिकीच्या प्रयोगासाठी भाभा केंद्राने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्ससोबत सुमारे हजार सिलिकॉन डिटेक्टर करून दिले होते. अंधारप्रवाह कसा आवळायचा, हे ज्यांनी तिथे शिकलं त्यांनी कार्बनीकडेही तितक्याच गंभीरपणे पाहावं.

पुन्हा पत्र्याकडे येऊ. सौरघट टिकतो का, हे तपासायची जगभरची रीत ठरलेली आहे: ८५ अंश सेल्सियस, ८५ टक्के आर्द्रता, हजार तास. सिलिकॉनची पॅनेल ही परीक्षा देतात. कार्बनी फिल्मला ती जड जाते, आणि पुष्कळदा पहिली शरणागती काठाचा थर पत्करतो. कधी पेडॉटमध्ये पाणी शिरतं, कधी वरच्या मॉलिब्डेनम ऑक्साइडचा थर उष्णतेने शेजाऱ्यात मिसळतो, कधी थर सोलून निघतो. शिवाय ही परीक्षा पेटीतली आहे. भिवंडीच्या पत्र्यावर दुपारी कडक ऊन, सायंकाळी वळवाची सर, रात्री दमट गारवा, दिवसभर सुताचे तंतू आणि पलीकडच्या रंगाई कारखान्याची वाफ. चिकटवलेल्या फिल्मखालून हवा खेळत नाही, त्यामुळे ती सांगाड्यावरच्या पॅनेलहून जास्त तापणार.

आयआयटी मुंबईच्या प्रकाशविद्युत केंद्राने २०१३ पासून देशभरातल्या सौर पॅनेलची पाहणी केली. उष्ण प्रदेशातली पॅनेल थंड प्रदेशातल्यांहून लवकर उतरतात आणि छोट्या, छपरावरच्या पॅनेलची अवस्था मोठ्या प्रकल्पांतल्यांहून वाईट असते, हे त्या पाहणीत स्पष्ट दिसलं. म्हणजे सिलिकॉनलासुद्धा भिवंडीसारखं ठिकाण कठीण. ज्या संशोधकाला कार्बनी थराचं खरं आयुष्य पाहायचं आहे, त्याला याहून चोख ठिकाण मिळणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की विक्रमाच्या आकड्यामागे धावण्याआधी भिवंडीच्या तीन छपरांवर फिल्म लावावी. एक जुना सिमेंटच्या पत्र्याचा कारखाना, एक सायझिंगचं छप्पर जिथे खालून वाफ येते, आणि एक माणकोली-पूर्णा भागातलं गोदाम. गोदामांची नवी छपरं धातूची आणि प्रचंड असली तरी तीही नेमक्या वजनाच्या हिशेबानेच बांधलेली असतात. तिन्हीवर एकाच मधल्या पदार्थाच्या आणि वेगवेगळ्या काठाच्या थरांच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावाव्यात: एक पेडॉटची, एक निकेल ऑक्साइडची, एक एका रेणूच्या थराची. शिसे असलेलं पेरोव्हस्काइट मात्र इथे वर चढवू नये. पत्रा फुटतो, पाणी गळतं, आणि खाली माणसं जेवायला बसलेली असतात. दर पंधरवड्याला प्रत्येक पट्टीचा प्रवाह आणि दाब नोंदावा, धूळ पुसण्याआधी एकदा आणि पुसल्यावर एकदा, म्हणजे धुळीने गेलं किती आणि थर बिघडून गेलं किती हे वेगळं कळेल. पुसण्याचं काम कारखान्यातल्या माणसाला पगार देऊन द्यावं, कारण वाशावरून तोल सांभाळत चालायची सवय त्यालाच आहे.

दोन पावसाळे झाले की पट्ट्या उतरवून कापाव्यात आणि कडेचा, मधला, जोडाजवळचा असे तुकडे पवईला आणि कोल्हापूरला पाठवावेत. इंडियम किती वर सरकलं, ओलावा कडेने आला की चिकट थरातून, एका रेणूचा थर कुठे सुटला, ही उत्तरं त्या तुकड्यांत मिळतील. खर्च फार नाही. एखाद्या निर्वात यंत्राच्या किमतीत तीन छपरांचं दोन वर्षांचं काम होईल, आणि राज्याच्या २०२३ ते २०२८च्या वस्त्रोद्योग धोरणाची मुदत संपण्याआधी त्याची पहिली नोंदवही हातात येऊ शकेल.